पिवळा बिल्ला

काही लोक रात्री झोप आली नाही की रील्स बघतात, काही जण शेअर बाजाराचं ऍप उघडून बसतात. मी रोग वाचतो. माणसांचे नाही (ते वाचले की पंधरा मिनिटांत ते सगळे मला झालेत अशी खात्री पटते), जनावरांचे. ऑन-कॉल असलो, पहाटे दोनला कुठलातरी सर्व्हर आडवा झाला, त्याला उभा केला आणि तोपर्यंत झोप उडालेली असली, की हा उद्योग.

असाच एकदा टास्मानियन डेव्हिलबद्दल वाचत बसलो होतो. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरचा छोट्या कुत्र्याएवढा, काळा, अत्यंत भांडखोर प्राणी. १९९६ साली त्यांच्यातल्या काहींच्या तोंडावर भल्यामोठ्या गाठी दिसल्या. पुढे कळलं की हा कॅन्सर आहे, आणि चक्क संसर्गजन्य. त्यामागे विषाणूबिषाणू काही नाही. एकाच्या गाठीतल्या पेशीच चाव्यातून दुसऱ्याच्या तोंडात जातात आणि तिथे वाढायला लागतात. ज्या जनावराला तो पहिल्यांदा झाला ते कधीच मेलं, त्याच्या पेशी मात्र अजून इतरांच्या अंगावर जगतायत! दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी हे उत्साहाने सगळ्यांना सांगितलं. एकाने शांतपणे डबा बंद केला.

शाळेतला एक मित्र शिरवळला शिकून जनावरांचा डॉक्टर झालाय. त्याला फोन करून सांगितलं तर तो हसायलाच लागला. म्हणाला, "अरे, त्यासाठी टास्मानियाला कशाला जातोस? तुमच्या सोसायटीच्या गेटवर जी कुत्री बसतात ना, त्यांच्यातल्या एखाद्याला असेल बघ तोच प्रकार."

खरंच आहे ते. कुत्र्यांमध्येही असाच एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाणारा कॅन्सर असतो, जननेंद्रियावर होणारा. काही हजार वर्षांपूर्वी कुठल्यातरी एका कुत्र्याला झाला, तो अजून जगभर फिरतोय. आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांत तो इतका नेहमीचा आहे की जनावरांच्या डॉक्टरांना त्याचं काही वाटत नाही. बराही होतो. त्यावरचं औषध, व्हिनक्रिस्टिन, सदाफुलीपासून मिळतं. म्हणजे जगातला सर्वात जुना कॅन्सर आमच्या गेटवर आणि त्याच्या औषधाचं झाड आमच्या बाल्कनीत, आणि मी वाचतोय टास्मानिया.

"तुला लांबचे रोग आवडतात," मित्र म्हणाला. तेव्हा मी ते विनोदावारी नेलं.

* * *

१७ सप्टेंबर २०२२, शनिवार. नामिबियाहून आठ चित्ते आले तो दिवस. मी सकाळपासून टीव्हीसमोर. विमान, हेलिकॉप्टर, पिंजरे, कुनोचं जंगल, सगळं बघितलं. चित्त्यांना तिकडे महिनाभर वेगळं ठेवलं होतं, लसी दिल्या होत्या, इकडे आल्यावर पुन्हा वेगळं ठेवणार होते. कुनोच्या आसपासच्या गावांतल्या कुत्र्यांनाही आधीच लस टोचून ठेवली होती. मला हे सगळं फार आवडलं. असं नीट प्लॅनिंग असलेलं रिलीज आमच्या प्रोजेक्टमध्ये मी कधी बघितलेलं नाही.

संध्याकाळी आप्पांचा फोन आला. "चांदणीच्या अंगावर गाठी आल्यात रे."

आमचं गाव नगर जिल्ह्यात आहे (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ वळत नाही). तेव्हा गोठ्यात दोन संकरित गाई, एक म्हैस, एक कालवड आणि चार शेळ्या होत्या. चांदणी त्यातली दुधाला सर्वात मोठी. काळीपांढरी, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांदणी. माझ्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या दोन वर्षांची मेसची बिलं तिने आणि तिच्या आईने भरली असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

लम्पी. तोपर्यंत हा शब्द घरोघरी पोचला होता. हा देवीच्या कुळातला रोग. शेळ्या-मेंढ्यांना होणाऱ्या देवीचा सख्खा भाऊच. माणसाला होत नाही. डास, गोमाश्या, गोचीड यांच्यामार्फत पसरतो. आधी सणकून ताप येतो, मग अंगभर सुपारीएवढ्या गाठी, पाय सुजतात, जनावर चारा सोडतं. गाठी फुटल्या की जखमा होतात आणि त्यात माश्या बसून अळ्या पडतात. बरीच जनावरं यातून वाचतात. संकरित गाई आणि वासरं यांचं मात्र फार हाल होऊन जातं. म्हशीला सहसा काही होत नाही, आमच्याही म्हशीला झालं नाही. ती शेजारी बांधलेली असायची आणि निवांत रवंथ करत असायची.

हा रोग आफ्रिकेतला. १९२९ साली झांबियात पहिल्यांदा नोंदला गेला. भारतात २०१९ मध्ये ओडिशात दिसला, २०२० मध्ये आपल्या विदर्भात येऊन गेला. २०२२ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात गुजरात-राजस्थानात त्याने हाहाकार केला आणि ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून पुन्हा महाराष्ट्रात शिरला. हा क्रम मुद्दाम सांगतोय. ओडिशा ते आमचा गोठा या प्रवासाला त्याला तीन वर्षं लागली होती. म्हणजे तो दबक्या पावलांनी, न सांगता वगैरे आलेला नव्हता.

लसही होती. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना या रोगावर चालते, हे तोवर माहीत झालं होतं. पण सुरुवातीला धोरण असं होतं की ज्या गावात रोग सापडेल त्याच्या भोवती पाच किलोमीटरच्या वर्तुळात लस द्यायची. कागदावर हे बरोबर आहे. लस मोजकी असली की आगीभोवतीचं गवत आधी कापायचं. गडबड अशी की "रोग सापडला" आणि "रोग आला" यांत दिवसांचं अंतर असतं. कोणी गाठी बघून घाबरून गप्प बसतो, कोणी गाय विकायच्या नादात असतो, कुठे जनावरांच्या दवाखान्यातली जागाच रिकामी असते. आमच्याकडे डॉक्टरांकडे शेजारच्या दवाखान्याचाही चार्ज होता. आमचं गाव वर्तुळात आलं तेव्हा चांदणीला ताप येऊन चार दिवस झाले होते. लस टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात. आणि ताप आलेल्या जनावराला ती देतच नाहीत.

मी सोमवारी पहाटेच्या एसटीने गावी गेलो. आई विड्याची पानं, मिरी, मीठ आणि गूळ कुटून तिला चाटवत होती. आप्पा कडुनिंबाच्या पाण्याने अंग पुसत होते, संध्याकाळी गोठ्यात धूर करत होते. डॉक्टर दोनदा येऊन गेले, तापाचं आणि जखमा चिघळू नयेत म्हणून इंजेक्शन दिलं, पैसे कमीच घेतले. त्या माणसाच्या डोळ्यांत झोप नव्हती, दिवसाला किती गोठे करत होता कुणास ठाऊक. मी काय केलं? मी मोबाईलवर लम्पीवरचे शोधनिबंध वाचले आणि आप्पांना वाचून दाखवले. आप्पांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे सगळं ठीके. आपल्या गाईला मागची लस कधी दिली होती, ते माहितीये का तुला?"

माहीत नव्हतं. टास्मानियातल्या गाठी १९९६ साली दिसल्या हे माहीत होतं.

नवव्या दिवशी चांदणी गेली. जेसीबीने खड्डा काढून, मीठ-चुना टाकून पुरली. सरकारने दुधाळ गाईमागे तीस हजार, बैलामागे पंचवीस आणि वासरामागे सोळा हजार रुपये जाहीर केले होते. ते मिळाले, उशिरा पण मिळाले. तशी गाय बाजारात तेव्हा सत्तर-ऐंशी हजारांच्या खाली येत नव्हती. त्या वर्षी देशात दीड लाखाच्या वर जनावरं लम्पीने मेली, हा सरकारी आकडा. त्यातली एक आमची.

* * *

आता या सगळ्यावर माझं एक मत आहे. थोडं लांबून येतो, कंटाळा आला तर मधे चहा करून घ्या :)

आजींच्या पिढीला बुळकांडी हा शब्द माहीत होता. ताप, तोंडात फोड, मग ढाळ, आणि आठवड्या-दहा दिवसांत गोठा रिकामा. आज तिशीतल्या एखाद्या शेतकऱ्याला विचारा, त्याने ती पाहिलेली नसते. भारतातला शेवटचा उद्रेक १९९५ सालचा. २०११ मध्ये जगातूनच हा रोग संपल्याचं जाहीर झालं. माणसाने आजवर पृथ्वीवरून फक्त दोन रोग पुसलेत. एक देवी, दुसरा बुळकांडी. देवीचं सगळ्यांना माहीत असतं. बुळकांडीची बातमी कुठल्या पानावर आली होती कोण जाणे.

या लढाईचं एक टोक पुण्यात आहे. आज बरेलीजवळच्या इज्जतनगरला जी भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था आहे, ती १८८९ साली पुण्यात सुरू झाली, 'इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' या नावाने, तेव्हाच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये. म्हणजे आमच्या सीओईपीत! चार वर्षं मी तिथे बोट क्लबवर चहा पीत काढली, कोणी सांगितलं नाही. भरवस्तीत असले जंतू हाताळणं बरं नव्हे म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. बुळकांडीवरची आपल्याकडची लस पुढे तिथेच तयार झाली.

याच बुळकांडीने आफ्रिकेत काय केलं ते वाचण्यासारखं आहे. १८८० च्या दशकाच्या शेवटी, इटालियन सैन्यासाठी नेलेल्या गुरांबरोबर ती तिकडे उतरली. ती गुरं भारतातून गेली होती असं मानतात. दहाएक वर्षांत ती खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोचली. गुरांची ऐंशी-नव्वद टक्के संख्या साफ. इथिओपियात त्यानंतरच्या दुष्काळात एक-तृतीयांश माणसं मेली असा अंदाज आहे. आणि ती गोठ्यापाशी थांबली नाही, रानम्हशी गेल्या, विल्डबीस्ट गेले. सेरेंगेटीमधले ते लाखोंनी नदी ओलांडणारे विल्डबीस्ट आपण चॅनेलवर बघतो ना, ते १९६० च्या सुमारास अडीच लाखच होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तेरा लाख झाले.

मधल्या काळात झालं काय? लोक म्हणतील शिकार थांबवली असेल, कुंपण घातलं असेल. मुख्य गोष्ट झाली ती जंगलाच्या बाहेर. आजूबाजूच्या पशुपालकांच्या गुरांना बुळकांडीची लस टोचली गेली. बस. विल्डबीस्टला एकही इंजेक्शन दिलं नाही. गुरांतून रोग जाणं बंद झालं आणि रानातला रोग आपोआप विझला, कारण तो तिथे गुरांच्या जिवावरच टिकून होता.

मला ही गोष्ट वाचून अक्षरशः उठून बसावंसं वाटलं होतं. जगातला सर्वात भव्य वन्यजीव-देखावा ज्याने परत आणला, तो कुठल्यातरी धुळकट गावात दावणीच्या गाईची मान धरून सुई टोचणारा एक कंपाउंडर होता. त्याच्यावर कुणी डॉक्युमेंटरी काढत नाही. काढली तरी बघणार कोण?

आपल्याकडेही तेच. १९६८ च्या सुमारास बंदीपूरच्या बाजूला बुळकांडीने गवे मारले. गव्यांना तो कुणी दिला, तर जंगलात चरायला जाणाऱ्या गुरांनी. लम्पीसुद्धा राजस्थानात बिकानेरकडे चिंकारा हरणांत सापडला. गोठा आणि जंगल यांच्यामध्ये कुंपण असतं ते आपल्या डोक्यात. गोमाशीला वन खातं आणि पशुसंवर्धन खातं अशी दोन वेगळी खाती आहेत हे कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून माझं मत: जंगलातल्या दुर्मिळ जनावराला वाचवायचं असेल तर सर्वात आधी गावातल्या अगदी सामान्य जनावराची लस वेळेवर झाली पाहिजे. आणि आपण, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखे व्याघ्रप्रकल्पात सफारी करणारे, स्टेटसला वाघ ठेवणारे लोक, नेमकं याच गोष्टीकडे ढुंकूनही बघत नाही.

* * *

गीरचं उदाहरण घ्या. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये गीरच्या दलखाणिया भागात काही आठवड्यांत तेवीस सिंह मेले. आधी वाटलं आपसातल्या मारामाऱ्या. मग नमुने तपासले, आपल्या पुण्याच्या एनआयव्हीनेही, तर निघाला कुत्र्यांचा डिस्टेंपर. जोडीला गोचीडातून येणारा बबेसिया. हा डिस्टेंपर म्हणजे बुळकांडीचा आणि माणसाच्या गोवराचा नातेवाईकच, एकाच कुळातले विषाणू. अमेरिकेहून लशीचे तीनशे डोस मागवले, सिंहांना पकडून वेगळं ठेवलं, लस दिली. आग विझली.

१९९४ मध्ये सेरेंगेटीत हेच झालं होतं, तिथले एक-तृतीयांश, म्हणजे हजाराच्या आसपास सिंह गेले होते. तिथे हजार जाऊनही दोन हजार उरले. गीरमध्ये २०१५ च्या मोजणीत सगळे मिळून ५२३ होते. जगात आशियाई सिंह रानात फक्त तिथे. आता, २०२५ च्या मोजणीत, ८९१ झालेत. आनंदच आहे. पण सगळे सौराष्ट्रातच.

आमच्या धंद्यात एक पाप आहे जे नवख्या मुलालाही माफ नसतं. सगळा डेटा एकाच ठिकाणी ठेवणं. बॅकअप त्याच खोलीत ठेवणं हे त्याहून मोठं पाप. खोलीला आग लागली की मूळही गेलं, कॉपीही गेली. काही सिंह मध्य प्रदेशात कुनोला हलवा असं सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०१३ मध्ये सांगितलं होतं, सहा महिन्यांची मुदत देऊन. नंतर त्याच कुनोत चित्ते आले, तेच ज्यांना मी टीव्हीवर डोळे भरून बघत होतो. सिंह अजून गेलेले नाहीत. गुजरातेतच बरडा अभयारण्यात काही सिंह आपल्या पायांनी पोचलेत, पण ते तर शेजारच्या खोलीतलं कपाट झालं. सिंहाच्या गर्जनेवर अस्मिता उभी करणाऱ्यांनी एक विषाणू काय करू शकतो हे २०१८ मध्ये पाहिलंय. तरीही कुणाला घाई दिसत नाही.

एक खरं सांगायला हवं. "कुत्र्यांना लस टोचा, सिंह वाचले" इतकं हे सरळ नाही. सेरेंगेटीत कुत्र्यांना वर्षानुवर्षं लस दिली, कुत्र्यांतला रोग कमी झाला, तरी सिंहांत डिस्टेंपर अधूनमधून दिसतच राहिला, कारण तरसांसारखी इतर जनावरंही तो बाळगून असणार. मग लस वाया गेली का? माझ्या मते नाही. दहा दारांतून चोर येत असेल तर एक दार बंद केल्याने चोरी थांबत नाही, पण ते दार उघडं ठेवायलाही ते कारण होत नाही. शिवाय गावातल्या पोरांना रेबीजपासून वाचवायला कुत्र्यांना लस द्यायचीच असते. त्याच फेरीत दुसरी सुई.

"जंगलाचं जंगल बघून घेईल, निसर्गात ढवळाढवळ कशाला" असंही काही मित्र म्हणतात. (हे मित्र एसीत बसून म्हणतात.) दहा हजार सिंह काठेवाडपासून बंगालपर्यंत पसरलेले असते तर मी मान्य केलं असतं. आठशे-नऊशे जनावरं एका कोपऱ्यात, भोवती गावं, गावांत कुत्री, यात निसर्ग कुठेय आता?

आणि फार लांब जायला नको. पुण्याजवळच्या माळरानांवर लांडगे आहेत. तिथे लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं. जिथे सोयरीक जमते तिथे विषाणूला काय अडचण? सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्याभोवतीच्या गावकुत्र्यांचं रक्त काही वर्षांपूर्वी तपासलं होतं. बहुतेकांना पार्व्हो, डिस्टेंपर असले रोग येऊन गेल्याच्या खुणा निघाल्या. त्याच माळावरच्या खोकडांतही डिस्टेंपरच्या खुणा सापडल्या. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला, निदान निघालं बर्ड फ्लू. पिंजऱ्यातला वाघ तो कुठून घेणार? संशय खायला घातलेल्या कोंबडीवरच गेला. २००६ साली देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नवापूरच्या पोल्ट्र्यांत सापडला होता, तेव्हा आमच्या घरी महिनाभर अंडी बंद होती, एवढंच मला आठवतं. तो अठरा वर्षांनी वाघापर्यंत जाईल असं कुणाला वाटलं असतं?

* * *

हे काम कुणी नीट करून दाखवलंच नाही असं नाही. गोव्यात २०१३ पासून कुत्र्यांना रेबीजची लस देण्याची मोहीम चालू आहे. माणसं जाळी घेऊन गल्लीगल्ली फिरतात, कुत्रं पकडतात, टोचतात, रंगाची खूण करतात, सोडतात, आणि प्रत्येक सुईची नोंद मोबाईलच्या ऍपवर, जागेसकट. संध्याकाळी नकाशावर दिसतं की कुठली वाडी राहिली. दुसऱ्या दिवशी तिथे. २०२१ मध्ये गोवा सरकारने राज्य 'रेबीज नियंत्रित' म्हणून जाहीर केलं. यात रॉकेट सायन्स काही नाही. यादी, नकाशा, राहिलेल्यांकडे परत जाणं. आपण ऑफिसात वर्षभर हेच करतो आणि त्याला भारी नावं देतो.

केंद्र सरकारनेही २०१९ मध्ये लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिसवर देशव्यापी लसीकरण सुरू केलं, तेरा हजार कोटींच्या वर खर्चाचं. गाईच्या कानात पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडी नंबर, त्या नंबरावर सगळ्या लसींची नोंद. कल्पना एकदम पटण्यासारखी. लाळ्या-खुरकूतने मोठं जनावर सहसा मरत नाही, म्हणून लोक तो अंगावर काढतात. पण दूध तुटतं, बैल शेतीतून जातो. घटसर्प मात्र पावसाळ्यात रात्रीतून म्हैस नेतो. फऱ्या तसाच, तो धडधाकट तरण्या जनावराला गाठतो. शेळ्यांत पीपीआर, हीसुद्धा बुळकांडीचीच चुलत बहीण. यांतलं एकही नाव टास्मानियाइतकं रोमांचक नाही. सगळ्यांवर लस आहे. सगळ्यांनी दरवर्षी कुणाचा तरी गोठा रिकामा होतो.

मी हे दुसऱ्यांना शहाणपण शिकवायला लिहीत नाहीये. आमच्या सोसायटीत कुत्र्यांवरून दोन तट आहेत. एक त्यांना बिस्किटं घालतो, दुसरा त्यांना "कायमचं उचलून न्या" म्हणून रोज तक्रार करतो. व्हॉट्सऍपवर याची महाभारतं झाली. मी आपला कुंपणावर. गेल्या वर्षी मित्राला घेऊन पहिल्यांदाच विचारलं की बाबांनो, या अकरा कुत्र्यांपैकी किती जणांना लस दिलीय? दोन्ही तटांना माहीत नव्हतं! मग एका रविवारी अकराच्या अकरा कुत्र्यांना रेबीजची आणि डिस्टेंपर-पार्व्होची लस दिली. खर्च फ्लॅटमागे वाटला तर एका पिझ्झाहून कमी आला. बिस्किटवाल्या काकूंनी कुत्री धरली, तक्रारवाल्या काकांनी यादी केली. त्यांची अजून बोलचाल नाही, पण यादी काकांच्या कपाटात जपून ठेवलेली आहे, पुढच्या तारखेसकट. एका कुत्रीला ती मघाची सदाफुलीवाली गाठही निघाली. आठवड्याला एक अशी इंजेक्शनं घेऊन ती आता ठणठणीत आहे आणि माझ्यावर भुंकते.

गावी मी एक साधी शीट करून दिलीय, घरच्या आणि शेजारच्या चार वस्त्यांवरच्या जनावरांची. बिल्ल्याचा नंबर, कुठली लस, कधी, पुढची कधी. आप्पा सुरुवातीला म्हणाले, "हे सरकारच्या कॉम्प्युटरवर आहे ना, मग परत कशाला?" म्हटलं, बॅकअप.

परवा शनिवारी सकाळी सातला फोन. मागे गोठ्यातले आवाज, कुणीतरी "धर, धर, शिंगं धर" म्हणून ओरडतंय. चांदणीची कालवड आता दुसऱ्यांदा व्यालीय. तिने म्हणे बिल्ला गव्हाणीत अडकवून अर्धा तोडलाय.

"शेवटचे चार आकडे सांग पटकन," आप्पा म्हणाले, "डॉक्टर सुई भरून उभे आहेत."